बाहुलीचे डोळे जिवंत करायचे तर: पपेट शोचा लाइटिंग कॅमेरामन होऊ पाहणाऱ्यांसाठी

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बाहुल्यांच्या सेटवर गेलो, तेव्हा माझ्या गाठीला डेली सोपची सहा वर्षं होती. दिवसाला एक एपिसोड काढायची सवय. समोरून स्किमर, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडाची चौकट, बाजूला प्रकाश परतवायला थर्माकोल, मागून एक बेबी, म्हणजे छोटा दिवा, चेहरा उजळला की टेक. त्याच हिशोबाने मी बाहुलीवर लाइट केला आणि मॉनिटरवर पाहिलं, तर फ्रेममध्ये कापडाचं बोचकं बसलेलं. डोळे म्हणजे दोन पांढरी बटणं. बाहुली खेळवणाऱ्या ताई टेबलाखाली गुडघ्यांवर बसून जीव ओतून काम करत होत्या आणि वर त्यातलं काही पोचत नव्हतं. त्यांचं काही चुकत नव्हतं, माझा लाइट चुकत होता.

माणसाचा चेहरा वाईट लाइटमध्येही स्वतःला सांभाळून घेतो. पापणी लवते, गाल हलतो, ओठ थरथरतो. बाहुलीचा चेहरा एकदा बनला की बनला. तिचा राग, रुसवा, लाज आपल्याला दिसते ती मान किती झुकली आणि त्या झुकण्याबरोबर चेहऱ्यावरचा प्रकाश कसा सरकला यावरून. अर्धा अभिनय खेळवणाऱ्याच्या हातात असतो, उरलेला अर्धा लाइट करणाऱ्याच्या. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने वाया गेले नसते, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी नावाचं बोलू. ‘लाइटिंग कॅमेरामन’ हा ब्रिटिश टीव्हीतला जुना शब्द. कॅमेरा प्रत्यक्ष चालवणारा ऑपरेटर वेगळा असू शकतो. प्रकाश कसा असेल, एक्स्पोजर काय ठेवायचं, चित्र कसं दिसेल हे ठरवतो तो लाइटिंग कॅमेरामन. आपल्याकडे त्यालाच डीओपी म्हणतात. बाहुल्यांच्या टीव्हीत या माणसाला पहिल्यापासून मान आहे. १९५७ मध्ये इंग्लंडात गेरी अँडरसन यांनी सुरू केलेल्या ‘एपी फिल्म्स’ या कंपनीच्या नावातला ‘ए’ अँडरसनचा आणि ‘पी’ आर्थर प्रोव्हिस या कॅमेरामनचा. याच कंपनीने लंडनजवळच्या स्लाव गावी १९६५ ची ‘थंडरबर्ड्स’ ही दोऱ्यांच्या बाहुल्यांची मालिका केली. तिथे जॉन रीड छायाचित्रण सांभाळायचे, पुढच्या मालिकांत ते निर्मितीच्या बाजूला गेले. म्हणजे या वाटेने माणूस वरपर्यंत जातो.

१. बाहुली कोणत्या जातीची आहे, हे आधी विचारा

काम आलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘कॅमेरा कुठला?’ तुम्ही विचारा, ‘बाहुली कुठली?’ बाकीची सगळी तयारी त्या उत्तरावर ठरते.

कळसूत्री बाहुली असेल तर दोऱ्या चमकणार. खेळवणारे वरच्या फळीवर उभे असणार, म्हणजे वरून लाइट टांगायला जागा कमी. हातमोज्याची किंवा तोंड उघडणारी बाहुली असेल तर खेळवणारे खाली असणार, म्हणजे जमिनीवर स्टँड, केबल, काही ठेवता येणार नाही. काठीची बाहुली असेल तर काठी लपवायची. शब्दभ्रमकार आणि त्याचा बोलका बाहुला असेल, म्हणजे रामदास पाध्ये आणि अर्धवटराव अशी जोडी डोळ्यांसमोर आणा, तर एकाच फ्रेममध्ये माणसाची कातडी आणि रंगवलेला चकचकीत चेहरा असे दोघे बसणार. माणसाला लागणारा लाइट बाहुल्याला जास्त होतो. अशा वेळी दोघांसाठी वेगळी की, म्हणजे मुख्य लाइट, ठेवायची आणि मधे कटर, म्हणजे प्रकाश अडवणारा काळा तुकडा, लावून बाहुल्याच्या बाजूचा प्रकाश अर्ध्या स्टॉपने तरी उतरवायचा. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.)

छायाबाहुल्यांचं सगळंच वेगळं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी अशा तिन्ही कला जपल्या आहेत. याच कामासाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. छायाबाहुल्यांचं शूटिंग करायचं असेल तर सॉफ्ट लाइट घरी ठेवा. पडद्यामागे लहानसा, उघडा, एकच स्रोत लागतो. दोन लावले की प्रत्येक बाहुलीच्या दोन सावल्या पडतात. सॉफ्टबॉक्स लावला तर चामड्यावर कोरलेली जाळी पुसली जाते. पडद्याच्या समोरच्या बाजूने पडलेला एक कवडसाही सावलीचा काळा रंग राखाडी करतो, म्हणून मॉनिटरसुद्धा पडद्याकडे पाठ करून ठेवा.

२. हात बसवा माणसांवर

बाहुल्यांचं लायटिंग शिकवणारा वेगळा कोर्स शोधत बसू नका. पाया तोच आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. जमत असेल तर जरूर जा.

माझ्यासारख्या अनेकांना ते जमत नाही. मग वाट साधी आहे आणि लांब आहे. इक्विपमेंट भाड्याने देणाऱ्यांकडे कॅमेरा अटेंडंट म्हणून लागायचं, लेन्स पुसायच्या, पेट्या मोजायच्या, मग फोकस पुलर, मग असिस्टंट. दुसरी वाट लाइटमनची. गोरेगावच्या चित्रनगरीत एखाद्या चांगल्या गॅफरच्या, म्हणजे लाइटमनच्या प्रमुखाच्या, हाताखाली काढलेलं वर्ष मला पुस्तकांपेक्षा जास्त देऊन गेलं. कटर कुठे धरला की सावलीची कड मऊ होते आणि कुठे धरला की कडक, हे हाताला कळायला लागतं. लाइटमन दादांशी नीट वागा. बाहुल्यांच्या सेटवर दोन इंचांची कामं असतात, आणि दोन इंच सरकवण्यासाठी दहाव्यांदा शिडी चढणारा माणूस तुमच्यावर वैतागलेला असून चालत नाही.

३. शूटिंगच्या आधी टेस्ट डे मागून घ्या

प्रॉडक्शनवाले म्हणतील गरज नाही. आडून बसा. निदान अर्धा दिवस मिळवा. त्या अर्ध्या दिवसात आधी बाहुलीकाराला पुढच्या गोष्टी विचारा:

चेहरा कशाचा? फोम, लेटेक्स, लाकूड, कागदाचा लगदा, कापड. लाकडावरच्या रंगाला वॉर्निश आहे का? डोळे कशाचे आणि त्यांच्यावर किती चकाकी? काय कशाने चिकटवलंय?

हा शेवटचा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. तेव्हा मी हॅलोजन वापरत होतो. आजोबांच्या बाहुल्याच्या क्लोजअपसाठी एक किलोवॅटचा दिवा चार फुटांवर आणला. तिसऱ्या टेकला आजोबांची डावी भुवई हळूहळू गालावर उतरली. ग्लू गनने चिकटवलेली होती, उष्णतेने डिंक विरघळला. ज्यांनी तो बाहुला बनवला होता ते काका काही बोलले नाहीत. बाहुला मांडीवर घेतला, नखाने जुना डिंक खरवडला, फुंकर मारली, आणि भुवई सुईदोऱ्याने टाचत बसले. त्यांच्या बोटांकडे पाहत आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. आता एलईडी आहेत, तेवढी धग लागत नाही. तरी जवळच्या लाइटखाली स्वतःचा हात धरून पाहायची सवय मी सोडलेली नाही. माझ्या हाताला चटका बसतो तिथे बाहुली बसणार नाही.

आणि एक नियम पाळाच. बाहुलीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. चकाकी मारायला डलिंग स्प्रे फवारायचा असेल तरी आधी विचारायचं. एखाद्या स्प्रेने रंग कायमचा फिका पडतो.

टेस्टच्या दिवशी बाहुली खेळवणाऱ्यांना सांगा, ‘काहीही करा, पण मान सगळीकडे फिरवा.’ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तुम्ही मॉनिटर पाहत राहा. मान कुठल्या कोनात गेली की ती उदास वाटते, कुठे खट्याळ, कुठे डोळे मरतात, हे वहीत लिहून काढा. ही वही पुढे शंभर एपिसोड पुरते.

४. डोळ्यातला ठिपका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असू दे.

बाहुलीच्या डोळ्यात लाइटचा ठिपका दिसायला हवा. एकच. बुबुळाच्या वरच्या कडेला, घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी. ठिपका नसेल तर डोळा बटण वाटतो. दोन असतील तर बाहुली बावरल्यासारखी दिसते, ती नक्की कुणाकडे बघतेय तेच कळत नाही. ठिपका बुबुळाच्या मधोमध पडला तर मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो.

नवीन माणूस इथे नेमका फसतो, कारण माणसांसाठी शिकलेला मोठा सॉफ्ट लाइट तो बाहुलीसमोर आणून लावतो. माणसाचा डोळा लहान आणि ओला असतो, त्यात चार फुटी स्किमर छान दिसतो. बाहुलीचा डोळा पिंगपाँगच्या चेंडूएवढा, प्लॅस्टिकचा. त्यात तोच स्किमर खिडकीएवढा पांढरा चौकोन होऊन बसतो आणि अर्धं बुबुळ खाऊन टाकतो. म्हणून चेहऱ्यासाठी सॉफ्ट लाइट बाजूला सरकवून लावा, इतका बाजूला की डोळ्यात त्याचं प्रतिबिंब पडणार नाही. मग डोळ्यासाठी म्हणून वेगळा, लिंबाएवढा दिवा कॅमेऱ्याच्या जरा वर लावा. त्याचा प्रकाश इतका कमी ठेवा की चेहऱ्यावर काही फरक पडू नये, फक्त डोळ्यात ठिपका उमटावा. मी याला ‘टिकली’ म्हणतो. माझ्या सेटवर ‘टिकली लाव’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

बाहुली मान फिरवते तेव्हा टिकली डोळ्यात सरकते, आणि त्या सरकण्यातच तिची नजर वळल्याचा भास होतो. पहिल्यांदा हे जमलं तो शॉट अजून आठवतो. छोटी मुलगी खिडकीतून पावसाकडे बघते, मग आईकडे वळते, एवढाच शॉट. वळताना टिकली दहावरून दोनवर गेली. आईची बाहुली खेळवणाऱ्या ताई खालून म्हणाल्या, ‘अगं बाई, ही बघतेय माझ्याकडे!’

डोळे फारच चकाकत असतील तर लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून पाहा, पण तो लावला की साधारण दीड ते दोन स्टॉप लाइट जातो आणि चुकीच्या कोनात फिरवला की टिकलीही जाते. डोळ्यांवर मेण किंवा पावडर लावायला जाऊ नका.

तोंड उघडणाऱ्या बाहुलीचं आणखी एक दुखणं. बोलताना तोंड आतून काळं भोक दिसतं. फ्रेमच्या खालच्या कडेला थर्माकोलचा वीतभर तुकडा आडवा ठेवा, वरचा लाइट त्यावर आपटून तोंडात जातो आणि जीभ दिसायला लागते. खाली खेळवणाऱ्याचं डोकं असतं, तुकडा त्यांना लागणार नाही असा बसवा.

५. फोकसचं गणित

हे कोरडं आहे, पण न समजून घेता पुढे गेलात तर पहिल्याच क्लोजअपला अडकाल.

माणसाचं डोकं साधारण २४ सेंटीमीटर उंच धरा, बाहुलीचं ८. म्हणजे फ्रेममध्ये तेवढाच मोठा चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याला तिप्पट मोठं करून दाखवावं लागतं. मोठं केलं की फोकसची खोली वर्गाच्या हिशोबाने घटते, म्हणजे नऊपट कमी. बाहुलीचा चेहरा तीनपट लहान आहे, त्यामुळे तिला खोलीही तीनपट कमी लागते. तरी उरलेला तीनपट तुटवडा अपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, लहान करूनच भरून काढावा लागतो. (अपर्चरचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं.) माणसाला २.८ वर जे मिळत होतं ते बाहुलीला ८ वर मिळेल. २.८ वरून ४, ५.६, ८, असे तीन स्टॉप. तीन स्टॉप म्हणजे आठपट लाइट.

हे टाळलं तर नाक फोकसमध्ये आणि डोळे धूसर. त्याहून वाईट म्हणजे फोकस उथळ राहिला की बघणाऱ्याला लगेच जाणवतं की हे सगळं टेबलावर मांडलेलं छोटंसं काहीतरी आहे. बाहुलीचं जग तिच्या मापाने मोठं वाटायला हवं असेल तर फोकस खोल हवा.

आठपट लाइट आणायचा कुठून? सेट लहान असतो, त्यामुळे दिवे जवळ आणता येतात, आणि अंतर निम्मं केलं की लाइट चौपट होतो. इथे दुसरा सापळा आहे. दिवा एक मीटरवर असेल आणि बाहुली ३० सेंटीमीटर त्याच्याकडे सरकली की तिच्यावरचा लाइट दुप्पट होतो, पूर्ण एक स्टॉप. दिवा दोन मीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीला अर्धा स्टॉपही फरक पडत नाही. म्हणून बाहुली जागेवर बसून बोलणार असेल तर दिवा जवळ, नाचणार असेल तर जास्त ताकदीचा दिवा लांब. बाकीची भरपाई आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, एक स्टॉप वाढवून करा, त्याहून जास्त नको.

छोट्या गाड्या, विमानं, स्फोट असे शॉट असतील तर कॅमेऱ्याचा वेगही वाढवावा लागतो, नाहीतर गाडी खेळण्यातली वाटते. सूत्र वर्गमुळाचं आहे. वस्तू खऱ्याच्या चौथ्या हिश्शाची असेल तर दुप्पट वेग, सोळाव्या हिश्शाची असेल तर चौपट. २५ फ्रेम्सचे १०० झाले की लाइट आणखी दोन स्टॉप लागतो. स्लावच्या त्या स्टुडिओत डेरेक मेडिंग्ज यांची तुकडी स्फोट आणि उड्डाणं १२० फ्रेम्सवर चित्रित करायची. पाणी आणि आगीला मात्र कुठलंही माप लागू पडत नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो. लहान सेटवर समुद्र दाखवायची कल्पना दिग्दर्शकाने मांडली तर आधीच सावध करा.

वेग वाढवणार असाल तर स्वस्त एलईडी आधी तपासा. २५ फ्रेम्सवर, एक भागिले पन्नास शटरला ठीक दिसणारा दिवा १०० वर फडफडतो.

६. दोऱ्या, काठ्या आणि माणसं लपवणं

दोरी दिसते ती मागच्या लाइटमुळे. बाहुलीला पार्श्वभूमीपासून सुटी करायला बॅकलाइट हवाच, आणि तोच बॅकलाइट दोऱ्यांवर पडून त्यांना चांदीच्या तारा करतो. उपाय कटरचा. बॅकलाइटचा वरचा भाग असा कापा की प्रकाश बाहुलीच्या डोक्यापर्यंत येईल आणि तिथेच थांबेल. डोकं हललं की कटरची कड भुवयांवर येते, तेव्हा खेळवणाऱ्यांसोबत एकदा पूर्ण चाल करून घ्या.

पार्श्वभूमीही मदत करते. सपाट आकाशी भिंतीवर दोरी लगेच दिसते. उभ्या फळ्या, झाडाच्या फांद्या, पडद्याच्या चुण्या असल्या की त्यात विरून जाते. म्हणून कला दिग्दर्शकाशी सेट रंगवायच्या आधी बोला, नंतर नाही. ‘थंडरबर्ड्स’च्या बाहुल्यांच्या तारा केसासारख्या बारीक धातूच्या होत्या, कारण त्यांच्यातून विजेचा प्रवाह जाऊन ओठ हलायचे. एवढ्या बारीक असूनही त्या कॅमेऱ्यात येत, म्हणून मागच्या रंगाप्रमाणे त्यांच्यावर रंग मारावा लागे. क्लोजअपमध्ये बटण दाबणारे हात तर ते खऱ्या माणसांचेच दाखवत. तसं करायची वेळ आली तर माणसाच्या हातावर लाइट तोच ठेवा, पण मेकअपवाल्यांना हात मॅट करायला सांगा. कातडी तेलकट चमकते आणि कट उघडा पडतो.

काठीची बाहुली असेल तर काठ्या काळ्या मॅट रंगाच्या हव्यात. खेळवणारे काळ्या कपड्यांत मागे उभे असतील तर त्यांच्यावर एक थेंबही लाइट सांडायला नको. आणि काळा कपडा म्हणजे कुठलाही काळा नाही. सिंथेटिक काळा कॅमेऱ्यात करडा दिसतो. सुती किंवा मखमली घ्या.

माझी चूक सांगतो. एका पूर्ण दिवसाचं काम एडिटला गेलं आणि तिथून फोन आला की सतरा शॉट्समध्ये एक दोरी लुकलुकतेय. सेटवरच्या सात इंची मॉनिटरवर ती मला दिसली नव्हती. तेव्हापासून दर सेटअपचा पहिला टेक मी मोठ्या मॉनिटरवर, आजूबाजूचा लाइट बंद करून पाहतो.

७. मॉनिटर खेळवणाऱ्यांसाठीही असतो

माणसांच्या मालिकेत मॉनिटर दिग्दर्शकाचा. बाहुल्यांच्या मालिकेत तो सगळ्यात आधी खेळवणाऱ्यांचा. स्वतःची बाहुली त्यांना दिसतच नाही, डोक्यावर हात उचललेला असतो आणि डोळे खालच्या मॉनिटरवर. लंडनबाहेरच्या एल्स्ट्री स्टुडिओत १९७६ ते १९८१ ‘द मपेट शो’ झाला, तिथे सेटच उंचावर बांधायचे, म्हणजे खेळवणारे उभं राहून फिरू शकायचे. आपल्याकडे बहुतेक वेळा टेबल आणि चाकांचं बुटकं स्टूल असतं. त्यांचे गुडघे आणि खांदे तुमच्या वेळेच्या हिशोबात असू द्या. हात वर ठेवून पाच मिनिटं तुमच्या कटरची वाट बघणं म्हणजे काय, ते एकदा स्वतः करून पाहा. लाइट लावताना बाहुली स्टँडवर बसवा किंवा तेवढ्याच उंचीवर चेंडू लावलेली काठी ठेवा.

वायरलेस व्हिडिओ देऊ नका. चित्र दोन-तीन फ्रेम उशिरा पोचतं, आणि ते पाहून खेळवणाऱ्याचा ओठांचा ताल बिघडतो. साधी केबल टाका. मधे कन्व्हर्टर कमीत कमी. मॉनिटरचा निळसर उजेड खालून बाहुलीच्या हनुवटीवर येत असेल तर ब्राइटनेस उतरवा आणि वर काळ्या कागदाची झापड लावा.

८. रंग

माणसाच्या कातडीचा रंग कसा दिसायला हवा हे आपल्या डोळ्याला जन्मापासून ठाऊक असतं. केशरी माकड किंवा जांभळा राक्षस कसा दिसायला हवा हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे डोळ्यावर विसंबू नका, ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करड्या रंगाचं कार्ड, धरा. लाल आणि केशरी कापड डिजिटल कॅमेऱ्याला जड जातं. एकूण एक्स्पोजर बरोबर दिसत असतं आणि लाल चॅनल आतल्या आत फुटलेला असतो, कापडाचा पोत जाऊन नुसता डाग उरतो. मॉनिटरवर आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, उघडून बघा. एलईडी घेताना नुसता सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, विचारू नका, लाल रंगासाठीचा आर-९ किती ते विचारा. तो कमी असेल तर लाल बाहुली विटकरी दिसते.

हिरवी बाहुली असेल तर क्रोमा, म्हणजे नंतर काढून टाकायचा मागचा रंगीत पडदा, निळा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण मी हिरव्या पडद्यासमोर हिरवा पोपट ठेवलेला पाहिला आहे.

९. सोबतची पेटी

कॅमेरा, लेन्स, मोठे दिवे भाड्याने येतात. पुढच्या वस्तू मात्र स्वतःच्या असू द्या:

– लाइट मीटर आणि ग्रे कार्ड
– डिम होणारे चार-पाच छोटे बॅटरीचे एलईडी, टिकलीसाठी
– कार्डबोर्ड आणि काळ्या कागदाचे वेगवेगळ्या मापांचे कटर. सेटवरचे नेहमीचे कटर बाहुलीपेक्षा मोठे असतात
– थर्माकोलचे वीतभर तुकडे, एका बाजूला काळा रंग मारलेले
– बटर पेपर, ट्रेसिंग, कपडे वाळत घालायचे चिमटे
– काळी मॅट टेप, मासेमारीची पारदर्शक दोरी, सुतळी
– छोटा आरसा आणि दाढीचा आरसा. अवघड कोपऱ्यात लाइट नेण्यासाठी
– मऊ ब्रश. फोम आणि फरच्या बाहुलीवर धूळ बसते, बॅकलाइटमध्ये ती बर्फासारखी दिसते. ब्रश बाहुलीकाराच्या हातात द्यायचा
– वही

१०. कागदपत्रं आणि पैसे

मुंबईत सिनेमॅटोग्राफर्सची संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशन, ती एफडब्ल्यूआयसीई या सिनेकर्मचाऱ्यांच्या महासंघात येते. सेटवर कार्ड विचारलं जाऊ शकतं, म्हणून असिस्टंट असतानाच त्यांच्या कार्यालयात जाऊन सभासदत्वाची चौकशी करा, नियम आणि फी तिथूनच लिहून आणा. तयार ठेवायचे कागद: आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, रद्द केलेला चेक, शिक्षणाचा दाखला, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांची पत्रं. ही पत्रं काम संपल्या संपल्या मागायची. वर्षाने मागितलं तर लोक मनाने चांगले असूनही राहून जातं.

टीव्हीत पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी येतं. तेवढे महिने भाडं, प्रवास, घरखर्च कसा भागेल ते आधी ठरवा. टीडीएस कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघत राहा. एका निर्मात्याने माझा टीडीएस कापला आणि भरलाच नाही. दीड वर्ष पत्रव्यवहार करावा लागला, आणि हातात ईमेलवरचा करार होता म्हणून निभावलं. तेव्हा दर, शिफ्टचे तास, टेस्ट डेचे पैसे, ओव्हरटाइम, सगळं निदान ईमेलवर लिहून घ्या. टेस्ट डे फुकट करायला सांगतील. निम्म्या दरात करा, फुकट नको.

११. काम कुठून येतं

फक्त बाहुल्यांवर घर चालवणारा कॅमेरामन मला आपल्याकडे अजून भेटलेला नाही, मीही नाही. मधे मधे मालिका, जाहिराती, कॉर्पोरेट फिल्म्स कराव्या लागतात. पण काम आहे. लिज्जत पापडच्या जाहिरातीतला ससा एका पिढीला पाठ होता. ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये आलं तेव्हा हातमोज्यापलीकडच्या बाहुल्या घरोघरी पोचल्या. आता मुलांची यूट्यूब चॅनल्स, शैक्षणिक ॲप्स आणि आरोग्याच्या मोहिमा बाहुल्या वापरतात. बजेट लहान असतं, पण काम लाइटवर चालतं, आणि बाहुल्यांवर लाइट करता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

निर्मात्यांच्या मागे लागण्याआधी बाहुलीकारांकडे जा. पिंगुळीला जा, तुमच्या शहरात बाहुलीनाट्य करणारं कुणी असेल त्यांच्या तालमीला जा, विचारून एका कोपऱ्यात बसा. त्यांच्या प्रयोगाचं पाच मिनिटांचं चित्रीकरण चांगल्या लाइटमध्ये करून द्या, फाइल त्यांना द्या. बाहुल्यांचं काम निघालं की निर्माता आधी बाहुलीकाराला फोन करतो, आणि बाहुलीकाराला कॅमेरामन विचारला जातोच.

शोरीलमध्ये तीन शॉट ठेवा. एका बाहुलीचा क्लोजअप, ती मान वळवताना. दोन बाहुल्या बोलतानाचा, त्यातली एक गडद रंगाची आणि एक फिकी. आणि एक रात्रीचा. एकूण दीड मिनिट पुरे, संगीत न घालता. बघणारा आवाज बंद करूनच पाहतो आणि पहिल्या दहा सेकंदांत डोळ्यांकडे बघतो.

टेस्ट डेची वही भरली की तिचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. माझी पहिली वही जुलैच्या पावसात भिजली आणि पंचवीस बाहुल्यांची मापं, अंतरं, स्टॉप पुन्हा घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले.